हरजीची विहीर

जीपमधून उतरल्यावर उपासनी सरांनी पाणी मागितलं नाही की माझ्या नमस्काराकडे लक्ष दिलं नाही. कमरेवर हात ठेवून समोरची बुटक्या टेकड्यांची रांग त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "ज्वालामुखी."

"सर, आधी चहा तरी घ्या."

"घेतो. चहा झाल्यावरही तो ज्वालामुखीच राहणार आहे."

आमची पहिली भेट ही अशी. डिसेंबरातलं ऊन, थरच्या वाळवंटात जीपने पहाटेपासून खडखडत आलेला सत्तरीच्या घरातला माणूस, आणि त्यांच्यासमोर मी, वैजयंती निमगडे, नागपूरच्या गिरणी कामगाराची मुलगी. माझ्या प्रबंधाचं एकच म्हणणं होतं: ही टेकड्यांची गोल रांग म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे आदळलेल्या उल्केची खूण आहे. आणि उपासनी सरांनी फार पूर्वी आख्खं पुस्तक लिहून सांगितलं होतं की हा विझलेला ज्वालामुखी आहे. ते पुस्तक आम्ही एम.एस्सी.ला पाठ केलं होतं. माझ्या प्रबंधाचे परीक्षकही नेमके तेच निघाले.

माझे मार्गदर्शक सोमलवार सर मला म्हणाले होते, "विषय बदल. अजून वेळ गेलेली नाही. उपासनींनी नाही म्हटलं की देशात दुसरं कुणी हो म्हणत नाही."

मी विषय बदलला नाही. उपासनींना पुण्याच्या पत्त्यावर एक कार्ड टाकलं: 'पुन्हा एकदा जागा पाहिल्याशिवाय कृपया मला नापास करू नये.' टाकलं आणि रात्रभर घाबरून जागी राहिले. आठवड्याभरात तार आली. 'येतो आहे. खडबडीत जेवण चालेल. खडबडीत युक्तिवाद चालणार नाही.'

आसपासचे लोक त्या टेकड्यांना 'कडला' म्हणत. कडला म्हणजे आपलं पायातलं कडं. देवी इथून पळत गेली तेव्हा तिच्या पायातलं निसटून पडलं, अशी तिकडची कथा. लोणारचं विवर पाहिलेला माणूस इथे आला तर त्याला काहीच दिसणार नाही. तिथे कसं, काठावर उभं राहिलं की पायाखाली वाडगंच पसरलेलं असतं. इथे वाडगं नाही, खोली नाही, तळं नाही. वाऱ्याने खाऊन खाऊन गुडघ्याएवढ्या केलेल्या टेकड्या, मध्ये सपाट वाळू, खेजडीची दूर दूर झाडं, आणि मधोमध पेमाराम आणि धापूबाई या नवराबायकोची चार झोपड्यांची ढाणी, म्हणजे वस्ती. मी तीन हिवाळे तिथे येत होते. त्यांच्याच एका रिकाम्या झोपडीत मी राहायची, धापूबाईच्या हातची बाजरीची भाकरी खायची आणि दिवसभर टेकड्यांवर हातोडा घेऊन हिंडायची.

चहा झाल्यावर सर म्हणाले, "चला बाई, दाखवा तुमची उल्का."

मी दाखवली. माझ्याकडचं एकूण एक पान मी त्या दुपारी टाकलं, आणि सरांनी एकूण एक पान उलथं केलं.

"रांग अगदी गोल आहे, सर."

"ज्वालामुखीचं तोंडही गोल असतं. बाई, निसर्गाला गोल फार आवडतो. पुढे."

"इथला खडक पाहा, ठेचल्यासारखा झालाय. तुकडे पुन्हा सांधले गेलेत."

"भूकंपाच्या भेगेतही असाच ठेचतो. पुढे."

"हा काचेसारखा वितळलेला तुकडा..."

सरांनी तो भिंगाखाली धरला, फिरवला, वास घेतला. मग हसू दाबत म्हणाले, "ही चुन्याच्या भट्टीतली मळी आहे. कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी इथे चुना भाजला असेल. पुढे?"

पुढे काही नव्हतं. ते ओरडले असते, अपमान केला असता, तर बरं झालं असतं. मला रागावता आलं असतं. पण ते प्रत्येक दगड नीट पाहत, माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकत, आणि मग असं काही बोलत की त्यावर मलाच मान हलवावीशी वाटे. ऊन कलेपर्यंत माझ्या तीन हिवाळ्यांतलं काही शिल्लक राहिलं नाही.

उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. म्हणाले, "तुम्हाला ठाऊक आहे मला काय हवंय ते."

ठाऊक होतं. उल्का आदळते तेव्हा धक्का खडकातून जातो आणि खडकात शंकू उमटतात. टोकापासून खाली पसरत गेलेल्या बारीक रेघा, घोड्याच्या शेपटीसारख्या. ज्वालामुखीला ते जमत नाही, भूकंपाला जमत नाही. जगात फक्त अशा आघातातच ते घडतात. ते शंकू मिळाले की वाद मिटला. तीन हिवाळे मी तेच शोधत होते.

"आणि सुटा दगड नको," सर म्हणाले. "सुटा दगड कुणीही खिशातून आणू शकतं. जमिनीला धरून असलेला जिवंत खडक हवा."

संध्याकाळी आम्ही धापूबाईच्या चुलीपाशी बसलो. सर भाकरीबरोबर खेजडीच्या शेंगांची केरसांगरीची भाजी चवीने खात होते. मी भाकरीचे नुसते तुकडे करत होते.

"उद्या सकाळी निघतो," ते म्हणाले. "अहवाल पुण्याला गेल्यावर लिहीन."

धापूबाईंना मराठी कळत नव्हतं, पण माझा चेहरा कळला असावा. त्यांनी न विचारता माझ्या भाकरीवर तुपाची धार धरली.

सर एकदम चिडल्यासारखे म्हणाले, "बाई, तुम्ही भांडत का नाही?"

"काय भांडू सर? तुमचं सगळं बरोबर होतं."

"माझं बरोबर होतं, कारण तुमचं कच्चं होतं! मी तुमच्या जागी असतो तर या उपासनीची अशी सहज सुटका होऊ दिली नसती." त्यांनी ताटली बाजूला ठेवली. "असं धरा की तुमचंच खरं. मी मानत नाही, पण धरा. कोट्यवधी वर्षांपूर्वी उल्का पडली. तेव्हापासून वारा आणि पाणी काय हातावर हात ठेवून बसलं होतं?"

"नाही. काठ झिजला."

"झिजला? गेला! समूळ गेला. आज आपल्याला दिसतोय तो काठ नाहीच. विवराच्या शेकडो मीटर खालचा भाग आज उघडा पडलाय. दाढ तुटून पडावी आणि हिरडीत मूळ राहावं, तसं. आणि तुम्ही त्या मुळाभोवती दाढेचा वरचा भाग शोधत फिरताय."

मी ताठ बसले. "मग कुठे शोधायला हवं?"

"मला काय विचारता? मी ज्वालामुखीवाला."

पण त्यांचे डोळे चुलीच्या उजेडात लकाकत होते, आणि ते माझ्याकडेच पाहत होते. मी विचार करू लागले. तळ्यात दगड टाकला की पाणी बाजूला फेकलं जातं, आणि लगेच मधोमध उसळी मारून वर येतं. एवढ्या मोठ्या आघातात खडकही तसाच उसळतो. खोलवरचा खडक मधोमध वर येतो. धक्का सगळ्यात जास्त त्यानेच सोसलेला असतो.

"मध्यभागी," मी म्हणाले. "सर, मध्यभागी शोधायला हवं."

"मध्यभागी काय आहे?"

"वाळू."

"आणि वाळूखाली?"

त्यांनी विचारलं आणि माझ्या अंगावर काटा आला. पेमारामांच्या झोपड्यांमागे बाभळीच्या काट्या रचून बंद केलेली एक विहीर होती. तीन वर्षं मी तिच्या शेजारून येत-जात होते. कोरडी विहीर. कुणी तिचं नाव काढत नसे, म्हणून मीही कधी विचारलं नव्हतं.

मी धापूबाईंकडे वळले आणि माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, "धापूबाई, ती मागची विहीर खोदली तेव्हा खाली दगड लागला होता का?"

त्यांचा हात चुलीतल्या लाकडावर थांबला. उत्तर पेमारामांनी दिलं. इतका वेळ ते उंबऱ्यात चिलीम घेऊन गप्प बसले होते.

"दगडच लागला, बाईसा. दुसरं काय लागणार? माझ्या बापाने खोदली ती. हरजीराम त्यांचं नाव. वाळू उपसली, मग दगड लागला. लोक म्हणाले, सोड. त्यांनी सोडलं नाही. छिन्नी घेऊन वर्षानुवर्षं खाली उतरायचे. पाण्याचा टिपूस नाही. गावचे लोक यायचे ते हसायला. म्हणायचे, हरजी पाताळात पोरीचं लग्न लावायला चाललाय. शेवटी त्यातच खचून गेले." त्यांनी चिलीम उलटी केली. "ती विहीर अपशकुनी आहे."

"आम्हाला उतरू द्याल?"

"नाही," धापूबाई म्हणाल्या.

मी त्यांच्याजवळ सरकले. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "पाणी मिळेल?"

हो म्हणायचा मोह झाला. फार झाला. पण त्या रोज किती लांबून घागरी आणतात ते मी पाहिलं होतं. "नाही, धापूबाई. पाणी मिळणार नाही. मला फक्त दगड बघायचाय."

त्यांनी पेमारामांकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "इथे जो येतो तो पाण्याचं आश्वासन देऊन जातो. ही निदान खोटं बोलली नाही. सकाळी काट्या काढा."

सकाळी थंडी मी म्हणत होती. पेमारामांनी काट्या ओढून काढल्या, कप्पीला दोर घातला आणि दोराचं दुसरं टोक उंटाला बांधलं. उंट विहिरीकडे आला की दोर खाली जाणार, दूर गेला की वर येणार. दोराच्या टोकाला लाकडी फळी. मी फळीवर बसले, बॅटरी गळ्यात अडकवली, हातोडा कमरेला खोचला. सर काठावर वाकून उभे होते. पेमाराम एका हाताने उंटाला चुचकारत होते आणि दुसरा हात कपाळाला लावून पुटपुटत होते. बहुधा बापाची माफी मागत असावेत.

मी खाली जाऊ लागले. आधी दगडांचं बांधकाम, त्याच्या फटीतून झरणारी वाळू. मग बांधकाम संपलं आणि खडक सुरू झाला. मी त्याच्यावर बॅटरी धरली. चुनखडी! या भागातली चुनखडी जमिनीत फार खोल असते. ती इथे, इतक्या वर, कशी आली? कुणीतरी खालून उचलून वर फेकल्याशिवाय येणारच नाही.

पण चुनखडी म्हणजे पुरावा नव्हे. तळाला पाय टेकले तेव्हा मी बॅटरी भिंतीवर समोरून मारली. हरजीरामांच्या छिन्नीचे घाव तेवढे दिसले. गोल फिरले. घाव, धूळ, कोळ्यांची जाळी. बाकी काही नाही.

"काय आहे?" वरून सरांचा आवाज आला.

"अजून काही नाही, सर."

मी भिंतीला पाठ टेकून उभी राहिले. दमून हात खाली गेला, आणि बॅटरीचा झोत भिंतीवर तिरपा पडला.

भिंत बदलली.

सपाट वाटणाऱ्या दगडावर रेघा उठल्या. बारीक, दाट, एका बिंदूतून निघून खाली पसरत गेलेल्या. एक शंकू. त्याच्या कुशीत दुसरा. त्याच्या बाजूला तळहाताएवढा, मग हाताएवढा, मग माझ्या उंचीचा. सगळी भिंत शंकूंनी भरली होती. विंचरलेल्या केसांसारखा तो दगड दिसत होता. मी त्याच्यावर हात फिरवत राहिले.

"बाई! ठीक आहात ना?"

"सर!" मी ओरडले. "सर, शंकू!"

"सुटे आहेत?"

"नाही! भिंतीतच आहेत! आख्खी भिंत आहे, सर!"

"टोकं कुठे आहेत? टोकं बघा!"

"वर! सगळी वर!" शंकूचं टोक आघाताच्या दिशेला असतं, म्हणजे घाव वरूनच आला होता.

मग सर म्हणाले, "पेमाराम, मला खाली सोडा."

पेमारामांनी नको म्हटलं, धापूबाईंनी नको म्हटलं, मी खालून नको म्हटलं. सरांनी कुणाचं ऐकलं नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी भिंतीला धक्के खात, कुरकुरत ते खाली आले. विहिरीच्या तळाशी आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहिलो.

सरांनी बॅटरी घेतली आणि भिंत वाचली. नख फिरवलं, भिंग लावलं. मग माझ्याकडे वळून अगदी परीक्षकाच्या आवाजात म्हणाले, "भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर घासल्या तरी अशा रेघा पडतात. पण त्या नुसत्या वरच्या कातडीवर असतात. आत काही नसतं. कबूल?"

"कबूल."

"मग फोडा इथे. आतला भाग गुळगुळीत निघाला तर मी जिंकलो."

मी हातोडा उचलला. पहिला घाव निसटला. दुसऱ्या घावाला दगड फुटला आणि एक ढलपा सरांच्या ओंजळीत पडला. त्यांनी तो उलटा केला आणि उजेड तिरपा धरला.

आतही शंकू होता. नवाकोरा. त्याच्यावर कधी कुणाचा हात पडला नव्हता की उजेड पडला नव्हता.

सरांनी डोळे मिटले. मला वाटलं, त्यांना चक्कर आली. मी त्यांचा दंड धरला. आणि तेवढ्यात ते हसायला लागले. आधी खुसखुसत, मग मोठ्याने, मग इतक्या मोठ्याने की विहीर घुमायला लागली आणि वरून पेमाराम घाबरून ओरडले, "म्हाताऱ्या बाबोसांना काय झालं?"

"काही नाही!" सर वर तोंड करून हिंदीत ओरडले. "आभाळातून डोंगर पडला होता! इथे! या इथे पडला होता!"

मग त्यांनी डोळे पुसले, हात पुढे केला आणि म्हणाले, "डॉक्टर निमगडे, हातोडा द्या. एक घाव मलाही घालू द्या."

मला तोवर कुणी डॉक्टर म्हटलेलं नव्हतं. मी हातोडा दिला आणि तोंड फिरवलं, कारण माझा चेहरा त्यांनी बघू नये असं मला वाटत होतं. त्यांनी अर्थात बघितला.

आम्ही वर आलो तेव्हा धापूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "पाणी नाही ना?"

"नाही."

"मग एवढा आनंद कशाचा?"

सरांनी वाळूवर बसकण मारली आणि काठीने एक मोठा गोल काढला. मग त्या गोलात मूठभर वाळू वरून जोरात आपटली. आकाशातून काय आलं, कसं आलं, जमीन कशी पाण्यासारखी उसळली, ते त्यांनी मराठी-हिंदीची खिचडी करून सांगितलं. शेवटी ढलपा पेमारामांच्या हातात ठेवला.

"जगात अशा जागा फार थोड्या आहेत, पेमाराम. मोठमोठे लोक शोधत आले, मीही आलो होतो. सगळे वरवर फिरून गेलो. वाळूखाली काय आहे ते कुणालाच कळलं नसतं. तुमच्या वडिलांनी खोदलं म्हणून कळलं."

पेमाराम त्या दगडाकडे पाहत राहिले. "लोक त्यांना वेडा म्हणायचे."

"लोक मला विद्वान म्हणतात," सर म्हणाले. "लोकांचं काय घेऊन बसलात?"

पेमारामांनी दगड कपाळाला लावला. मग उंटाची दोरी धापूबाईंच्या हातात दिली आणि कुणाला काही न सांगता फळीवर बसले. बाप गेल्यापासून ते त्या विहिरीत उतरले नव्हते. ते खाली बराच वेळ होते. वर आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या मिशांवर धूळ होती आणि त्यांनी मला एकच विचारलं. "तुमच्या कागदात या जागेचं नाव काय लिहिणार?"

"तुम्ही सांगाल ते."

"हरजीची विहीर."

तेच लिहिलं. आजही जगातल्या ज्या ज्या प्रबंधात त्या शंकूंचा उल्लेख येतो, तिथे ते नाव आहे.

त्या दिवशी सर पुण्याला गेले नाहीत. धापूबाईंनी गूळ घालून लापशी शिजवली, शेजारच्या ढाणीतली माणसं आली, आणि दुपारभर उंट विहिरीकडे आणि विहिरीपासून दूर जात राहिला. एकेक जण खाली जाऊन यायचा. वर आलेला माणूस पुढच्याला ऐटीत सांगायचा की बॅटरी तिरपी धर, नाहीतर दिसणार नाही. धापूबाईही उतरल्या. घागरा सावरत, शिव्या देत उतरल्या आणि खालून त्यांनी सासऱ्यांच्या नावाने अशी काही आरोळी ठोकली की कडल्यावरून तिचा प्रतिध्वनी आला.

लापशी खाताना मी सरांना धीर करून विचारलं, "सर, तुम्ही मला नापास करायला आला होता ना?"

"तुम्हाला तसं वाटलं?"

"सगळ्यांना तसं वाटलं."

त्यांनी बोट चाटलं. "बाई, त्या पुस्तकाला इतकी वर्षं झाली. तेव्हापासून मी जिथे जातो तिथे लोक मान डोलावतात. एकानेही कधी म्हटलं नाही की उपासनी, तुमचं चुकलंय. माणसाला वाटायला लागतं की आपण मेलोय आणि लोक श्राद्धाला जमलेत. मग तुमचं कार्ड आलं. मी बायकोला म्हटलं, अगं, सामान बांध. कुणीतरी भांडायला आलंय!"

पुढच्या वर्षी हैदराबादच्या परिषदेत मी निबंध वाचला. सर पहिल्या रांगेत बसले होते. चित्रं संपली, दिवे लागले, आणि मागून एक भारदस्त गृहस्थ उठले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी थेट सरांना विचारलं, "उपासनी साहेब, या मुलीचं म्हणणं आपण ऐकलंत. पण आपण तर आपल्या पुस्तकात स्वच्छ लिहिलं आहे की हा ज्वालामुखी आहे."

सर उठले. दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून उठायला त्यांना वेळ लागला, आणि तो त्यांनी खुशाल घेतला.

"लिहिलं आहे," ते म्हणाले. "चुकीचं लिहिलं आहे. मी त्या विहिरीत उतरून आलोय. पुढचे प्रश्न बाईंना विचारा."

ते बसले. सभागृहात एकदम बारा-पंधरा हात वर गेले, आणि मी ध्वनिक्षेपक जवळ ओढला.